पन्नास रुपयांची करुणा

पोळ्याच्या आदल्या दिवशी इस्लापूर परिसरातील शेतकरी बैलाचे खांदे हळद-तुपाने मळतो. त्याच बैलाला पाय बांधून ट्रकमध्ये कोंबणाऱ्यास १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने पहिल्या गुन्ह्यासाठी ठरविलेला दंड किती? १० ते ५० रुपये! सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शिक्षावाढीची अपेक्षा व्यक्त केली. २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदाही काढला. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंशहत्येस पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मग वधाला कैद आणि छळाला पन्नास रुपये, हा कुठला न्याय? लाल कंधारीचा वारसा सांगणाऱ्या नांदेडच्या लोकप्रतिनिधींनी हा प्रश्न संसदेत लावून धरावा. बैलाची पूजा वर्षातून एकदा होते. संरक्षण मात्र बारा महिने हवे.