कागद टाकला, हक्क नव्हे!

कागद कचऱ्यात पडला म्हणजे त्यावरचा हक्कही संपला काय? अमेरिकेच्या अर्कान्सास राज्यातील बीब गावात २०११ साली हाच प्रश्न उभा राहिला. दुकानातील यंत्राने बक्षीस नाही असे दाखविले म्हणून आपण तिकीट रद्दी तिकिटांच्या डब्यात टाकले, असे एका बाईचे म्हणणे. दुसऱ्या बाईने ते डब्यातून उचलले. त्यावर दहा लाख डॉलरचे बक्षीस होते आणि ते तिने घेतलेही. मे २०१२ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला: विकत घेणारीने आपला हक्क सोडलेलाच नव्हता.

आम्हाला हे तत्त्व योग्य वाटते. आपण काय सोडतो आहोत हे ठाऊक नसताना झालेला त्याग हा त्याग नव्हे. अडाणीपणाचा फायदा घेऊन गरिबांचे अंगठे उठवून घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००६ साली सनराइज असोसिएट्स प्रकरणात हेच सांगितले की, तिकिटाची खरी किंमत बक्षिसावर दावा करण्याच्या हक्कात आहे. कागद हा त्याचा केवळ पुरावा.

मग उचलणारी चोर ठरते काय? मुळीच नाही! कचरा वेचून पोट भरणाऱ्या आमच्या मायबहिणींच्या हाती मौल्यवान काही दिसले की पहिला संशय त्यांच्यावरच घेतला जातो. कायदा मात्र तसे म्हणत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ नुसार (पूर्वीच्या दंड संहितेचे कलम ४०३) बेवारस दिसलेली वस्तू मालकाला परत देण्यासाठी किंवा सांभाळण्यासाठी उचलणे हा गुन्हा नाही. मालक माहीत असून, किंवा त्याला शोधणे शक्य असून, वाजवी शोध न घेता ती स्वतःची करणे हा गुन्हा आहे.

म्हणून तिकीट घेणाऱ्याने मागे नाव लिहून सही करावी. अधिकृत निकाल पाहिल्याशिवाय ते फेकू नये. सापडणाऱ्याने चारचौघांसमोर ते पोलीस ठाण्यात जमा करावे आणि लेखी पोच घ्यावी. पोच नाकारली तर वस्तीतील कार्यकर्त्यांनी तिच्यासोबत उभे राहावे. हरवणाऱ्याचा हक्क जपणाऱ्या कायद्याने वेचणारीची अब्रूही जपलीच पाहिजे!