अरण्यकथेची प्ररोचना

मराठींत ज्या वाङ्मयप्रकारास आपण कादंबरी म्हणतों, त्याचें नांव बाणभट्टाच्या ग्रंथावरून पडलें, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. परंतु त्या ग्रंथांतील कथा सांगणारा पोपट विंध्याटवींतल्या एका जुनाट शाल्मली वृक्षाच्या ढोलींत जन्मला होता, याची आठवण सहसा कोणी ठेवीत नाहीं. जिच्या नांवामागें एवढें अरण्य उभें आहे, ती कादंबरी मराठींत मात्र फार काळ वाड्यांत, दिवाणखान्यांत आणि पुढें चाळींतच रमली.

आमच्या वरवट बकालाहून उत्तरेकडे सातपुड्याची रांग आहे. आमच्याच संग्रामपूर तालुक्यांतलें अंबाबरवा अभयारण्य तेथें असून तें मेळघाट व्याघ्रप्रकल्पांत मोडतें. साग, सालई, धावडा, मोह हीं नांवें इकडच्या पोरासोरांसहि पाठ असतात. असें असतां अरण्यावरच्या कादंबऱ्या इतक्या थोड्या कां?

आमच्या मतें याचें उत्तर रसिकतेंत नसून जमाखर्चांत आहे. अरण्य दोन दिवसांच्या सहलींत कळत नाहीं. तेथें वर्षें घालवावीं लागतात, आणि त्या वर्षांत घरची चूल कोणीतरी पेटती ठेवावी लागते. वानरांच्या टोळ्यांतील सत्तेच्या झगड्यावर 'सत्तांतर' (१९८२) लिहिणाऱ्या व्यंकटेश माडगूळकरांच्या आयुष्याचीं पुष्कळ वर्षें आकाशवाणीच्या नोकरींत गेलीं. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) हे तर वनखात्यांतलेच अधिकारी. जंगल हीच त्यांची कचेरी. त्यांनीं कादंबऱ्या फारशा लिहिल्या नाहींत, पण पक्षी, प्राणी आणि झाडें यांचीं शेंकडों नांवें मराठीस दिलीं, आणि हें ऋण एखाद्या कादंबरीहून लहान नव्हे.

गो. नी. दांडेकरांची गोष्ट निराळी. त्यांचा जन्म १९१६ सालीं परतवाड्याचा, म्हणजे याच सातपुड्याच्या पायथ्याचा. पुढें ते तळेगांव दाभाडे येथें राहिले, आणि महिन्याच्या पगारावांचून केवळ लेखणीवर त्यांनीं संसार केला. गड, घाट, जंगल पायांखालीं घालून ते लिहीत. राजमाचीच्या रानांत एकटा राहणारा त्यांचा 'माचीवरला बुधा' (१९५८) आजहि वाचला जातो. आणि एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. त्यांच्या कन्या वीणा देव व जामात विजय देव यांनीं या कादंबऱ्यांचें जाहीर अभिवाचन वर्षानुवर्षें गांवोगांवीं केलें. ना नेपथ्य, ना वेषभूषा. समोर पुस्तक आणि मुखीं शब्द. ज्यांनीं पुस्तक कधीं विकत घेतलें नसतें, अशा कित्येकांच्या कानीं तें रान त्यायोगें पोंचलें.

आतां ज्यांच्यापाशीं पगारहि नाहीं आणि प्रकाशकहि नाहीं, अशांची एक नवी पिढी उभी राहिली आहे. सोनाळ्याकडील एक तरुण गेल्या वर्षीं आमच्याकडे आला. मेळघाटांतून कित्येक गांवें बाहेर आणून वसवलीं गेलीं. अशाच एका उठलेल्या गांवावर त्यानें कादंबरी लिहिली आहे. प्रकाशकांच्या उत्तराची वाट पाहून तो थकला, आणि सोयाबीनचे पैसे आले त्यांतून त्यानें पांचशें प्रती स्वतःच छापविल्या. स्वतः छापणारा लेखक कायद्यानें प्रकाशकहि ठरतो. १९५४ च्या कायद्यान्वयें कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांस एकेक प्रत स्वखर्चानें तीस दिवसांत धाडावी लागते, तेंहि त्यानें केलें. राहिलेले गठ्ठे घरांत धान्याच्या कोठीशेजारीं रचले. आठवड्याच्या बाजारीं, शाळांतून, शेगांवच्या यात्रेकरूंत तो पिशवी घेऊन हिंडतो.

तो गेल्यावर आमचे धाकटे बंधू म्हणाले, "स्वतःच्या पुस्तकाची स्वतःच एवढी वाखाणणी? शोभत नाहीं." आमच्या घरांत पुष्कळांचें मत तसेंच पडलें. आम्हांस तें पटत नाहीं. संस्कृत नाट्यशास्त्रांत प्ररोचना म्हणून एक अंग सांगितलें आहे. प्रयोगापूर्वीं कवीची व काव्याची प्रशंसा करून प्रेक्षकांचें मन तिकडे वळवावें, हा तिचा हेतु. विदर्भांतील पद्मपूरचा आपला भवभूति सूत्रधाराच्या मुखानें आपलें कुल, गांव, विद्या सारें सांगतो. आणि दंडकारण्याचें वर्णन करावें तर त्यानेंच. त्याला कोणी निर्लज्ज म्हणत नाहीं. अमरावतींत वाढलेले डॉक्टर श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं ज्ञानकोशासाठीं कंपनी काढली, भाग विकले, गांवोगांव वर्गणीदार मिळविले, तेव्हां ते तेवीस खंड उभे राहिले. त्यांना दारोदार हिंडविणाऱ्या समाजानें लाजावें कीं त्यांनीं?

मात्र प्ररोचनेस एक मर्यादा आहे. ती पडदा उघडण्यापूर्वीं व्हावी, अंकांत शिरूं नये. या तरुणाच्या वेष्टनावर जबडा वासलेला वाघ आहे. आंत वाघ कोठेंच दिसत नाहीं. नाल्याच्या वाळूंत त्याचे पंजे तेवढे उमटलेले आढळतात, आणि पुस्तकांतलें उत्तम प्रकरण तेंच आहे. आम्हीं हरकत घेतली, तेव्हां तो म्हणाला, "गुरुजी, वाघ नसन त कोनी पुस्तक हातीच घेत नाही." वेष्टनाचें एक वेळ चालेल. पण खपाच्या धाकानें पुढल्या पुस्तकांत पानोपानीं वाघ आला, तर तें अरण्य उरणार नाहीं, सर्कस होईल. ही भीति आम्हीं त्याला स्पष्ट सांगितली. तो नुसता ऐकत राहिला.

आमच्यासारख्या घरांचीहि यांत एक संवय आहे. आम्हीं घेतलेली प्रत प्रथम वहिनींनीं वाचली, मग सुनांनीं, मग शेजारच्या वाड्यांत गेली. तेथून खामगांवीं व्याह्यांकडे, आणि परत आली ती पाठपुठ्ठा सुटून. सर्वांनीं मनापासून वाखाणली. एका विहीणबाईंना तर तें उठलेलें गांव वाचून रडूं आलें. आमच्या हिशेबानें पंधरा माणसांनीं वाचली असेल, आणि लेखकाच्या हातीं पडली एकाच प्रतीची किंमत. वाणसामान कोणी शेजारच्या घरून असें वर्षभर मागून आणीत नाहीं. सार्वजनिक वाचनालयांनीं तरी अशीं पुस्तकें पुऱ्या किंमतीनें घ्यावीं, म्हणून आम्हीं येथें चिटणीसांपाशीं शब्द टाकला. दोन प्रती घेतल्या गेल्या.

परवां पुन्हां तो भेटला. एकशें नव्वद प्रती शिल्लक आहेत म्हणाला. वान नदीवरच्या दुसऱ्या कादंबरीचें हस्तलिखित तयार आहे. पहिलीचे गठ्ठे उठल्यावांचून तें छापखान्यांत जाणार नाहीं.