स्ट्राँग म्हणजे काय रे भाऊ?

आमच्या घुग्घुसात बिअरबद्दल दोनच प्रश्न विचारले जातात. ठंडी आहे का? आणि स्ट्राँग आहे का? चव कशी आहे, हा तिसरा प्रश्न कोणी दुकानदाराला विचारल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. विचारला तर तो बिचारा घाबरेल! इकडे कोळशाच्या खाणी, तिकडे सिमेंट, वर मे महिन्याचं पंचेचाळीस डिग्री ऊन... ड्युटीवरून सुटलेला माणूस चव घ्यायला बसत नाही हे मलाही कळतं. तरी माझं मत असं की 'स्ट्राँग' या एका शब्दाने आपलं फार नुकसान केलंय.

(नातेवाईक मंडळींपैकी ज्यांना हा विषयच नको असेल त्यांनी इथेच थांबावं. मावशी, तू पण. :) )

यंदाच्या उन्हाळ्यात भाचा पुण्याहून आला. पुण्यात २००९ साली 'डूलाली' सुरू झाली, देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. तेव्हापासून तिकडच्या पोरांना बिअरवर तासतासभर वाद घालायची सवय लागलीय. तर या पठ्ठ्याने मित्राकडून मिळालेल्या दोन जर्मन बाटल्या बर्फाच्या डब्यात घालून आणल्या. नाव माइबॉक, म्हणजे मे महिन्याची बॉक. लागर जातीची, कडक आणि बऱ्यापैकी कडू.

आता लागर म्हणजे काय, तर साठवून ठेवलेली. थंडीत हळूहळू आंबवायची आणि मग काही आठवडे गारठ्यात मुरू द्यायची. बव्हेरियात १५५३ साली नियमच झाला होता की २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल याच काळात बिअर बनवायची, कारण उन्हाळ्यात ती नासायची. मग मार्चमध्ये बनवून उन्हाळाभर पुरवायची बिअर जरा कडक करत आणि तिच्यात हॉप्स सढळ हाताने घालत. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. कडूपणा त्यांचा, वासही त्यांचा, आणि बिअर टिकते तीही त्यांच्यामुळे. थोडक्यात, तिथल्या स्ट्राँगला एक कारण होतं. आपल्या लोणच्यात मीठ जास्त का, तसंच.

बाटली उघडली. चार छोटे ग्लास. शेजारचे काका, खाणीतून रिटायर झालेले, पहिला घोट घेऊन म्हणाले, "हे त कडुलिंबाचा काढा हाय रे बापा! पैसे देऊन कायले प्याचा?" भाचा म्हणे, मामा, आधी पावाच्या भाजलेल्या कडेसारखं गोड लागतंय ना, मग मागून कडू येतं, ते बघा. काकांचं म्हणणं, कडू मागून येवो की समोरून, कडू ते कडूच. भाच्याची उलट तक्रार की हिच्यात हॉप्स अजून हवे होते, धान्याचा गोडवा फार पुढे येतोय. अर्धा तास हेच चाललं!

मी भाच्याच्या बाजूने आहे, पण माझं कारण वेगळं. कडूपणा माणसाला सावकाश प्यायला लावतो. या बाटलीवर सात टक्के अल्कोहोल लिहिलेलं होतं. आपल्याकडची स्ट्राँगही आठ टक्क्यांपर्यंत असते, म्हणजे आकडा जवळपास सारखाच. पण आपल्या स्ट्राँगमध्ये कडूपणा बेताचा आणि गोडसरपणा जास्त, वर ती इतकी थंड करून देतात की जिभेला काही कळूच नये. ती घशाखाली सुळकन उतरावी म्हणूनच तशी केलेली आहे. माल तोच, हेतू वेगळा.

इथवर सगळं मजेत होतं. मग वहिनी चहाचे कप घेऊन आली आणि म्हणाली, "भाऊजी, पगाराच्या दिवशी घरच्या बाईले चव नाही समजत. किती उरले ते समजते."

यावर कोणी काही बोललं नाही. वहिनीला बोलायचा हक्क आहे. चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदीसाठी पारोमिता गोस्वामींच्या नेतृत्वात बायका २०१० साली चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या. शेकडो ग्रामपंचायतींनी ठराव केले. १ एप्रिल २०१५ ला बंदी आली, ती मागणाऱ्या बायकांमुळे आली. २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने ती उठवली. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, ती तशीच आहे.

बंदीच्या त्या सहा वर्षांत आमच्याकडे काय झालं? वर्धा नदीचा पूल ओलांडला की वणी तालुका, यवतमाळ जिल्हा, तिथे दुकानं उघडी. चोरून आणणारा माणूस जड आणि फुटणारी बिअर कशाला आणेल? कमी जागेत जास्त नशा मावते ती कडक दारूच तो आणणार. म्हणजे चवीचा प्रश्न उरलाच नाही, सगळा हिशेब टक्क्यांचा. बंदी उठल्यावर दुकानं परत आली, पण ती सवय गेली नाही. म्हणून मला बंदीही पटत नाही आणि आत्ताचं दुकानही पटत नाही.

आणि गंमत पहा. बव्हेरियावाले मार्चच्या बिअरचं कौतुक करतात, त्याच मार्च-एप्रिलात आमच्या जंगलात मोह गळतो. पहाटे बायका-पोरं टोपल्या घेऊन फुलं वेचतात, वाळवतात, कुठे साठवतात, कुठे आंबवून गाळतात. कोणत्या गावची फुलं चांगली वाळलेली होती, कोणाची जळकट लागते, यावर जुनी माणसं अजून भांडतात. 'पहिल्या धारेची' हा शब्द मराठीला या भट्ट्यांनीच दिला ना! ही आपली हंगामी गोष्ट. पण ती लपूनछपून गाळायची, म्हणून तिच्यात काय मिसळलं हे कोणी तपासायचं नाही.

गोव्याने काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळवलं. मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून मान्यता दिली आणि आदिवासी बचत गटांना ती बनवू दिली. आपल्याकडे २०२१ मध्ये मोहफुलं गोळा करण्या-साठवण्यावरचे निर्बंध हटले, आणि २०२२ मध्ये मोहाच्या मद्याला चक्क 'विदेशी मद्य' या वर्गात घालायचं ठरलं. आमच्या जंगलातलं फूल, आणि विदेशी! :) बिनपरवाना गाळणारी म्हातारी मात्र आजही गुन्हेगारच.

माझं म्हणणं एवढंच. परवाना द्यायचा तर आधी मोह वेचणाऱ्या बायकांच्या गटाला द्या. बाटलीवर टक्क्यांपेक्षा गावाचं नाव मोठं छापा. आणि दुकान हवं की नको हे ठरवायला 'आडवी बाटली'चं मतदान आहेच. आडव्या बाटलीला पुरेशी मतं पडली की दुकान बंद. तो हक्क जराही पातळ करू नका. वहिनीला विचारलं, असं झालं तर चालेल का? ती म्हणाली, "मतदान आमच्या हाती राहत असन तर पाहू."

'पाहू' म्हणजे हो नाही, हे मला माहीत आहे. पण घुग्घुसात दारूवर झालेल्या चर्चेत एवढा समजूतदार शब्द मी तरी पहिल्यांदाच ऐकला. तुमच्याकडे काय म्हणतात, जरूर कळवा.