रस्त्यावरची तडजोड

सायकल चालविण्यास परवाना लागत नाही, विमा लागत नाही. त्यामुळेच की काय, मोटारीची धडक बसली तरी कायद्याच्या दाराशी आपले काही काम नाही, अशी सायकलस्वाराची समजूत होऊन बसली आहे. मग जागच्या जागी तडजोड होते. मोटारवाला चार-पाचशे रुपये हातावर ठेवतो, वाकलेले चाक सरळ करून घ्यावयास सांगतो, आणि जमलेली मंडळीही "कोर्टकचेरीच्या नादी कशाला लागता?" असा पोक्त सल्ला देऊन पांगतात.

या समंजसपणाची किंमत पुष्कळदा एकट्या सायकलस्वाराला मोजावी लागते. मनगटाच्या हाडाला गेलेली चीर त्या घटकेला जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी सूज चढते, एक्स-रे काढावा लागतो, हात प्लास्टरमध्ये जातो आणि महिना-दीड महिन्याची मजुरी बुडते. तोपर्यंत गाडीचा क्रमांकही कोणाच्या स्मरणात राहिलेला नसतो.

मोटारवाल्यास कशाला बुडवावयाचे, असा विचार करणारी सज्जन माणसेही आहेत. त्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मोटारीचा त्रयस्थांसाठी विमा उतरविणे सक्तीचे केले आहे. हा त्रयस्थ म्हणजे दुसरा कोणी नसून रस्त्याने जाणारा पादचारी वा सायकलस्वारच होय. विमा चालू असेल तर भरपाई सामान्यतः विमा कंपनी देते. ती मागणे हा हक्क आहे. त्यात याचना नाही आणि सूडही नाही.

हा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. अपघात जेथे घडला तेथेच तो लावला पाहिजे असे नाही. जखमी मनुष्य जेथे राहतो तेथेही लावता येतो. आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांना ही मोठीच सोय आहे. बेळगावच्या माणसाला कोल्हापुरात धडक बसली, तरी त्याला बेळगावात दाद मागता येते. जखमी अल्पवयीन असल्यास त्याच्या वतीने आई-वडिलांनी दावा करावयाचा असतो.

भरपाई केवळ औषधपाण्याच्या खर्चाची नसते. बुडालेली कमाई, भोगलेल्या वेदना आणि पुढील आयुष्यातील कमाईची घट यांचाही विचार होतो. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली हे तत्त्व फार स्पष्टपणे मांडले. डावा हात गेलेला सुतार आपल्या धंद्याला जवळजवळ पूर्णपणे मुकतो. तीच हानी झालेल्या सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकूनही राहते. म्हणून अपंगत्वाचा आकडा तेवढा पाहून भागत नाही, त्या माणसाचा पोटापाण्याचा उद्योग पाहावा लागतो. आपण काय काम करतो आणि त्याचे काय मिळते, याचा पुरावा म्हणूनच जपून ठेवावा.

आता कागदांविषयी. गाडीचा क्रमांक आणि एक-दोन साक्षीदारांची नावे तेथेच टिपून घ्यावीत. दुखणे किरकोळ वाटले तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन, जखम रस्त्यावरील अपघातात झाली अशी नोंद करवून घ्यावी. पोलिसांत फिर्याद द्यावी. फिर्यादीस उशीर झाला एवढ्यावरूनच दावा फेटाळला जात नाही. परंतु शंकेस जागा राहते. पंचनामा होईपर्यंत सायकल दुरुस्तीस देऊ नये. औषधाची प्रत्येक पावती जपावी.

सायकलस्वाराची स्वतःची चूक असेल, उदाहरणार्थ तो अंधारात दिव्यावाचून उलट्या बाजूने जात असेल, तर दावा सर्वस्वी बुडतोच असे नाही. त्याच्या दोषाच्या प्रमाणात भरपाई घटते. मोटारवाला पळून गेला आणि गाडीचा पत्ता लागलाच नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या योजनेखाली गंभीर दुखापतीस ५० हजार व मृत्यूस २ लाख रुपये मिळतात. हाड मोडणे ही कायद्याच्या लेखी गंभीर दुखापतच आहे. त्यासाठी अर्ज तालुक्याच्या महसूल कचेरीत करावा लागतो.

शेवटी मुदतीचे. कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे, अशी तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. तथापि त्या भरवशावर शहाण्याने स्वस्थ बसू नये. प्लास्टर निघण्याची वाट पाहता पाहता दोन महिने सहज निघून जातात. घरातील कोणी जाणत्याने पहिल्याच आठवड्यात सगळे कागद एका पिशवीत घालून वकिलाची गाठ घ्यावी. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी न्यायालयाच्या आवारातच असते. तेथे गरजूंना विनामूल्य वकील मिळतो.