मोजकी घरे, मोजकी मते

निवडणूक जवळ आली, की प्रत्येक पक्षाच्या कचेरीत एक हिशेब मांडला जातो. या जातीची इतकी मते, त्या समाजाची तितकी. बेरीज संपली, की तळाशी एक रकाना उरतो: ‘इतर’. झाशीतली मराठी कुटुंबे या रकान्यातली.

अठराव्या शतकात नेवाळकरांच्या सुभेदारीबरोबर मराठी माणसे येथे स्थिरावली. राज्य गेले, घरे राहिली. हिशेबावर जायचे, तर या मूठभर घरांतून कुणी निवडून येणेच कठीण. प्रत्यक्षात काय घडले?

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत झाशी भागातून लोकसभेवर गेले वकील रघुनाथ विनायक धुळेकर. त्याच वर्षी झाशी जिल्ह्यातल्या गुरसरायचे आत्माराम गोविंद खेर उत्तर प्रदेश विधानसभेचे अध्यक्ष झाले. १९५८ मध्ये धुळेकर विधान परिषदेचे सभापती झाले, तेव्हा राज्याच्या दोन्ही सभागृहांत अध्यक्षपदी झाशीकडचाच मराठी माणूस होता! दोघेही काँग्रेसचे, स्वातंत्र्यलढ्यातून आलेले. घरची भाषा मराठी असलेल्या धुळेकरांनी तर डिसेंबर १९४६ मध्ये घटना समितीत हिंदुस्थानीतूनच बोलण्याचा हट्ट धरला होता. मते मागताना ते साऱ्या झाशीचे होते. पुढे १९५७, १९६२, १९६७ आणि १९७७ मध्ये झाशीने डॉ. सुशीला नायर यांना निवडून दिले. त्या मूळच्या पंजाबच्या.

म्हणजे जातीपातीचा हिशेब खोटा असतो असे नव्हे. आज तर तो पूर्वीपेक्षा बारकाईने होतो. मग मोजक्या मतांना वजन येणार कशाने? हजेरीने.

झाशी लोकसभा मतदारसंघात ललितपूर आणि महरौनी हे भागही येतात. तिथली खेडी मतदानात झाशी शहराला मागे टाकतात. २० मे २०२४ रोजी महरौनी भागातल्या सौलदा गावात यादीतल्या सर्वच्या सर्व, ३७५ मतदारांनी मत दिले. आणखी दोन गावांनीही शंभर टक्के गाठले. परगावी असलेल्यांना त्यासाठी बोलावून घेतले होते. लहान गावात कोण आले, कोण राहिले, हे सगळ्यांना ठाऊक असते.

शहरातल्या विखुरलेल्या समाजाचे तसे नसते. मुलगा नोकरीसाठी पुण्याला किंवा इंदूरला जातो, त्याचे नाव मात्र झाशीच्या यादीत राहते. टक्केवारी यादीवरच्या नावांवरून काढतात, त्यामुळे गल्लीचे मतदान आहे त्याहून कमी दिसते. उलट लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या यादीत अडकलेले. घर चार माणसांचे, मते दोन!

यात तोटा काय? पूर्वी मतपत्रिका मोजण्याआधी निरनिराळ्या केंद्रांवरच्या एकत्र मिसळता येत. आता मतदान यंत्रामुळे प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा कळतो. जी गल्ली मतदानाला येत नाही, तिच्या नळाची आणि गटाराची तक्रार ऐकायला उमेदवार तरी कशाला येईल? गुप्तता धोक्यात येते म्हणून हे आकडे एकत्र करणारे यंत्र वापरावे, असे निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवले होते. २०१५ मध्ये विधी आयोगानेही तीच शिफारस केली. ती अमलात आलेली नाही.

तोवर करण्यासारखे बरेच आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींसाठी नमुना ६ भरावा. बिऱ्हाड बदलले, सून घरात आली, तर नमुना ८. पंच्याऐंशी वर्षांपुढच्या आजी-आजोबांना लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकीत अर्ज करून घरूनच मत देता येते. हे काम मतदानाच्या आदल्या रात्री होत नाही. यादीची दुरुस्ती चालू असतानाच घरातल्या प्रत्येकाचे नाव पाहून घ्यावे.

‘आपल्या चार मतांनी काय होणार?’ असे म्हणत घरी बसणारी चार-चार मतांची घरे प्रत्येक गल्लीत असतात. त्यांची बेरीज मात्र कुणी करत नाही.