नव्या ट्रॅक्टरचे पहिले ऑईल



दसऱ्याला दारात नवा ट्रॅक्टर येतो. हार, नारळ, पेढे होतात. महिनाभरात गळीत हंगाम सुरू झाला की तोच ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या लावून ऊस वाहतुकीला जुंपला जातो. आपल्या वाडवडिलांनी नवा खोंड कधी पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपला नाही. आधी मोकळी गाडी, मग निम्मे ओझे. इंजिनाच्या बाबतीत मात्र ही अक्कल आपण बांधावरच ठेवून येतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा लायनरवर घासून बसतात, गिअरचे दाते एकमेकांवर बसतात. त्यातून निघालेला लोखंडाचा बारीक कीस ऑईलमध्ये उतरतो. म्हणून बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तकात पहिली सर्व्हिस ५० तासांना सांगितलेली असते, ऑईल आणि फिल्टर दोन्ही बदलून. तोपर्यंत पूर्ण भार टाकू नका आणि इंजिन उगाच रिकामे चालू ठेवू नका, असेही त्यातच लिहिलेले असते. आपण दोन्ही करतो! रस्त्याला ओझे आणि यार्डात नंबर लागेपर्यंत रात्रभर धडधड. दिवसाला १२-१३ तास मीटर फिरला तर ५० तास म्हणजे अवघे चार दिवस.

आमच्या घरी "एवढी खेप टाकू, मग बघू" करता करता गड्ड्याची यात्रा आली. प्लग खोलला तर ऑईल काळेभोर, बोटांत चोळले तर चमचम. तिसऱ्या वर्षी इंजिन धूर ओकू लागले. दोष कुणाला देऊ? पुस्तक कपाटातच होते.

ऑईल काढायचे ते इंजिन गरम असताना, ट्रॅक्टर सपाट जागेवर लावून. नवे भरल्यावर इंजिन दोन मिनिटे चालवा, बंद करा, थोडे थांबा आणि मगच पट्टी बघा. मागच्या ऑईलची गोष्ट जरा वेगळी. ब्रेक ऑईलमध्ये बुडालेले असतील, तर दुकानात जाऊन "द्या कुठलंही गिअर ऑईल" म्हणून चालत नाही. पुस्तकात लिहिलेलेच घ्या, नाहीतर ब्रेक कुरकुरतात आणि धरतही नाहीत. मागे भरल्या ट्रॉल्या असतात हे ध्यानात असू द्या. रेडिएटरमध्ये बोअरचे क्षाराचे पाणी तर ओतूच नये. आणि आपल्याकडचा फुफाटा बघता एअर क्लीनर रोज बघावा लागतो.

ड्रायव्हरला बोल लावून उपयोग नाही. गाडी सर्व्हिसला नेली की खेप बुडते, परत आल्यावर नंबर शेवटचा. कोण नेईल? म्हणून वाहतूक करार करतानाच नव्या ट्रॅक्टरच्या मीटरचे तास लिहून घ्यावेत आणि पहिल्या सर्व्हिसला गेलेल्या ट्रॅक्टरचा नंबर यार्डात राखून ठेवावा. काही मंडळी म्हणतील, तोडलेला ऊस फडात वाळेल. त्याला उपाय आहे. टोळीच्या मुकादमाला आदल्या दिवशी निरोप द्यावा, म्हणजे त्या दिवशी तोड दुसऱ्या गाडीसाठी होईल. गाडी तर एकच दिवस जाते.

पुढच्या करारात असे कलम घालावे, ही सूचना मी सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. ज्यांनी यंदा नवा ट्रॅक्टर घेतला आहे, त्यांनी सभेला येताना मीटरचे तास बघून यावे.