ग्रिडचा दोष किती, आपला किती?

दूध संस्थेत सकाळचे संकलन सुरू असते. संगणकावरच्या मुलाची नजर कॅनवर आणि उजवा हात आकड्यांच्या कळांवर असतो. सभासद क्रमांक, एंटर; लिटर, एंटर; फॅट, एंटर. दर एंटरला त्याला शेजारचा रकाना हवा असतो. डॉटनेटसोबत येणारा डेटाग्रिडव्ह्यू हा ओळी-रकान्यांचा तक्ता, म्हणजे ग्रिड, मात्र त्याला खालच्या ओळीत नेऊन सोडतो. मग प्रोग्रामरचा फोन वाजतो.

प्रोग्रामरांची कुरकुर खोटी नाही. १९९८च्या व्हिज्युअल बेसिक ६ मधल्या फ्लेक्सग्रिडमध्ये थेट टंकताच येत नसे. सेलवर टेक्स्टबॉक्स तरंगता ठेवायचा आणि ग्रिड सरकला की तोही सरकवायचा. युनिकोडचा पत्ता नसल्याने मराठी नावांसाठी खास फॉन्टची कसरत वेगळीच. २००५मध्ये आलेल्या डेटाग्रिडव्ह्यूने या दोन्ही अडचणी सोडवल्या. पण चौकटीत टिक केली, तरी सेल सोडेपर्यंत ती नोंद पक्की होत नाही. आणि नको ते मूल्य आले की ऑपरेटरला घाबरवणारी लांबलचक इंग्रजी खिडकी उघडते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. हाच ग्रिड बँकेत, दवाखान्यात आणि डेअरीत चालायचा असतो. एक्सेलवर हात बसलेल्याला एंटरने खाली जाणेच स्वाभाविक वाटते. नोंद लगेच पक्की होत नाही म्हणूनच एस्केप दाबून चूक मागे घेता येते. शिवाय मूळ वागणूक आज बदलली, तर तिच्यावर बेतलेली जुनी सॉफ्टवेअर उद्या बिघडतील.

मग दुसरे पर्याय काय? विकतच्या ग्रिडमध्ये गाळणी, गटवारी, तळाची बेरीज असे सगळे तयार मिळते. मात्र परवान्याचा खर्च येतो, आणि बनवणारी कंपनी बंद पडली तर आपले सॉफ्टवेअरही अडकते. स्वतःचा ग्रिड लिहिला तर सूत्रे आपल्या हाती राहतात. पण स्क्रोलिंग, कॉपी-पेस्ट, छपाई हे सगळे निस्तरण्यात एकट्या प्रोग्रामरचे महिनेच्या महिने जातात.

आमचा कल डॉटनेटसोबत आलेल्या ग्रिडकडेच आहे, पण त्याच्यावरचा भार हलका करून. वर नोंदीसाठी चार-पाच साध्या चौकटी आणि खाली नोंदलेल्या ओळी दाखवणारा ग्रिड, एवढ्याने निम्म्या तक्रारी मिटाव्यात. परीक्षेच्या गुणपत्रकासारख्या कामात मात्र ओळीतच टंकणे सोयीचे असते. तिथे एंटरची दिशा कोड लिहून बदलावी. ते फारसे अवघडही नाही.

ग्रिड निवडण्याआधी एकदा संकलनाच्या वेळी त्या मुलाच्या मागे अर्धा तास उभे राहा. त्याची बोटे कुठे अडतात, ते आधी पाहा.